विश्लेषण : जुन्या ट्रकचे हेडलाइट पिवळे का पडतात? दोष बल्बचा की वायरिंगचा?

हेडलाइट मंद झाले की बहुतेक वेळा आधी जास्त वॅटचा बल्ब घेतला जातो. पण बॅटरीतली वीज बल्बपर्यंत पूर्ण पोहोचतच नसेल, तर बल्ब बदलून काय उपयोग? जुन्या ट्रकमध्ये हेडलाइटसाठी स्वतंत्र रिले का बसवतात, त्याची जोडणी कशी असते आणि त्यात कोणत्या चुका महागात पडतात, हे समजून घेऊ.

लासलगावहून कांदा भरून निघालेल्या ट्रकला वाशीचा पहाटेचा बाजार गाठायचा असेल, तर कसारा घाट रात्रीच उतरावा लागतो. पावसाळ्यात धुके, ओला रस्ता आणि वळणावर एखादे बंद पडलेले वाहन. अशा वेळी चालकाच्या हाती ब्रेक असतो आणि डोळ्यांपुढे हेडलाइटचा झोत. गाडी पंधरा-वीस वर्षांची असेल, तर हा झोत अनेकदा पिवळट आणि आखूड झालेला असतो. रोज थोडाथोडा कमी होत गेल्याने ते चालकाच्या लक्षातही येत नाही.

घाट संपून सपाटी लागली आणि वेग ताशी ६० किलोमीटरवर गेला, की ट्रक सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जातो. अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद गेले, तर ३३ मीटर अंतर ब्रेक न लागताच कापले जाते. त्यानंतर ब्रेक बऱ्यापैकी चांगले असले, तरी भरलेला ट्रक थांबायला आणखी साधारण ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ६८ मीटर. डिपरचा उपयोगी झोत मात्र चांगल्या अवस्थेतही साधारण ५० ते ६० मीटरपर्यंतच असतो. मुळातच अपुऱ्या असलेल्या या प्रकाशात आणखी घट झाली, तर काय होईल हे सांगायला नको.

प्रकाश नेमका कुठे हरवतो?

जुन्या ट्रकमध्ये हेडलाइटची वीज थेट बॅटरीतून बल्बकडे जात नाही. चॅसिसला लावलेल्या बॅटरीच्या पेटीतून ती आधी कॅबिनमध्ये येते. तिथून डॅशबोर्डवरचा स्विच, मग स्टीअरिंगजवळचा अप्पर-डिपरचा स्विच, पुढे वायरिंगचा लांबलचक जुडगा, कपलर आणि शेवटी बल्ब, असा तिचा प्रवास होतो. बल्बमधून निघाल्यावर बॉडीच्या अर्थमधून तिला परत बॅटरीकडे जायचे असते.

या वाटेवर प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्टेज खर्च होते. विहिरीवरची मोटर दमदार असली, तरी पाइप लांब, अरुंद आणि आतून गंजलेला असेल तर शेवटच्या वाफ्याला पाणी जोराने पोहोचत नाही, तसाच हा प्रकार. तांब्याच्या एक चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१८ ओहम असतो. अशी आठ मीटर वायर धरली, तर रोध झाला ०.१४४ ओहम. १२ व्होल्टच्या गाडीत ५५ वॅटचे दोन डिपर मिळून सुमारे ९.२ अँपिअर करंट घेतात. हा सगळा करंट त्या एकाच वायरमधून गेला, तर फक्त वायरमध्येच १.३ व्होल्ट गळतात. स्विचचे काळे पडलेले पॉइंट, हिरवट झालेल्या पिना आणि गंजलेला अर्थ यांचा हिशेब त्याहून वेगळा.

व्होल्टेज थोडे कमी झाले, तर एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि अंदाजापेक्षा खूप जास्त पडतो. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. तो साधारणपणे व्होल्टेजच्या ३.४ व्या घाताने बदलतो. सोप्या भाषेत सांगायचे तर व्होल्टेज ५ टक्के घटले, तर प्रकाश सुमारे १६ टक्के घटतो. व्होल्टेज १० टक्के घटले, तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट आहेत आणि बल्बच्या पिनांवर १२.१५ व्होल्टच मिळताहेत, असे समजा. मीटरवर हा फरक किरकोळ वाटतो. रस्त्यावर मात्र जवळपास एक तृतीयांश प्रकाश गायब झालेला असतो. शिवाय फिलामेंट पुरेशी तापत नसल्याने उरलेला प्रकाशही पांढरा न राहता पिवळट होतो.

मग जास्त वॅटचा बल्ब लावला तर?

बाजारात सहज मिळणारा आणि सर्वात धोकादायक उपाय हाच. १२ व्होल्टच्या एच-४ बल्बची मूळ क्षमता अप्परला ६० आणि डिपरला ५५ वॅट असते. त्याजागी १००/९० वॅटचा बल्ब लावला, की त्याच जुन्या वायरमधून आणि त्याच स्विचमधून दीडपटीहून अधिक करंट ओढला जातो. वायरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे ती जवळपास पावणेतीन पट होते.

मूळ बल्बवरदेखील स्विचच्या झिजलेल्या पॉइंटचा रोध ०.१ ओहम असेल, तर तिथे साधारण साडेआठ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीची छोटी सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. तिच्या एक तृतीयांश उष्णता नाण्याएवढ्या प्लॅस्टिकच्या स्विचमध्ये रात्रभर साठत राहते. मोठा बल्ब लावल्यावर हीच उष्णता थेट सोल्डरिंग आयर्नच्या जवळ जाते. स्विच वितळणे, कॅबिनमध्ये जळका वास येणे आणि भर रस्त्यात दोन्ही दिवे एकदम जाणे, हे सगळे यातूनच घडते. बल्बचा होल्डर आणि रिफ्लेक्टर जळतो तो वेगळाच.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब बसवणे हाही सरसकट उपाय नाही. रिफ्लेक्टरची घडण फिलामेंटची ठरलेली जागा धरून केलेली असते. एलईडीचा प्रकाश त्या जागेवरून नेमका निघाला नाही, तर झोत विस्कटतो. चालकाला पांढरा उजेड दिसतो, पण तो रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो.

रिले नेमके काय करतो?

शेतातल्या मोटरचा स्टार्टर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना रिले समजायला वेळ लागत नाही. स्टार्टरचे हिरवे बटण मोटरचा करंट स्वतः वाहून नेत नाही. ते फक्त आतल्या कॉइलला वीज देते, कॉइल पॉइंट ओढते आणि मोटरचा भार ते जाड पॉइंट उचलतात. हेडलाइटचा रिलेही असेच काम करतो. ट्रकच्या हॉर्नसाठी बहुधा असा रिले आधीपासून असतोच.

रिले बसवल्यावर स्विचमधून फक्त कॉइलपुरता, म्हणजे ०.२ अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो. बल्बचा पूर्ण करंट बॅटरीपासून जाड वायरने, फ्यूजमार्गे, जवळच्या वाटेने बल्बला मिळतो. चार चौरस मिलिमीटरची चार मीटर वायर वापरली, तर ९.२ अँपिअरवर तिच्यात सुमारे ०.१७ व्होल्टच गळतात. आधीचे १.३ आणि आताचे ०.१७. सगळा फरक या दोन आकड्यांत आहे. बल्ब तोच राहतो, त्याला त्याच्या हक्काचे व्होल्टेज मिळते. स्विचवरचा ताणही उतरतो.

रिले बसवण्याआधी काय तपासावे?

मल्टिमीटरने पाच मिनिटांत होणारी चाचणी आहे. इंजिन चालू ठेवून डिपर लावायचा, कपलर बल्बवरच ठेवायचा.

- मीटरचे एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे बल्बच्या डिपरच्या पिनेला लावावे. मीटर जो आकडा दाखवेल, तेवढे व्होल्टेज येण्याच्या वाटेवर गळते आहे.
- मग एक टोक बल्बच्या अर्थच्या पिनेला आणि दुसरे बॅटरीच्या मायनसला लावावे. हे परतीच्या वाटेवरचे नुकसान.
- दोन्हींची बेरीज १२ व्होल्टच्या गाडीत अर्ध्या व्होल्टच्या आत असेल, तर रिलेने फारसा फरक पडणार नाही. एक व्होल्टच्या पुढे असेल, तर नक्की पडेल. २४ व्होल्टच्या गाडीत हे आकडे साधारण दुप्पट धरावेत.

दुसरा आकडा मोठा आला, तर आधी अर्थ खरवडून, साफ करून घट्ट बसवावा. कित्येकदा निम्मे काम तेवढ्यानेच होते. बल्बची काच काळवंडली असेल किंवा रिफ्लेक्टरची चमक गेली असेल, तर रिले काही करू शकत नाही. तिथे तो भागच बदलावा लागतो.

चार्जिंगचे व्होल्टेजही बघून घ्यावे. ते १२ व्होल्टच्या गाडीत १४.५ च्या आणि २४ व्होल्टच्या गाडीत २९ च्या वर जात असेल, तर आधी रेग्युलेटर दुरुस्त करावा. बल्बला ५ टक्के जास्त व्होल्टेज मिळाले, तरी त्याचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते.

१२ व्होल्ट की २४ व्होल्ट?

छोट्या मालवाहू गाड्यांत बहुधा १२ व्होल्टची, तर मोठ्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून केलेली २४ व्होल्टची यंत्रणा असते. सामान घेण्याआधी ही खात्री करायलाच हवी. १२ व्होल्टचा रिले २४ व्होल्टवर लावला, तर कॉइल जळते. २४ व्होल्टचा रिले १२ व्होल्टवर ओढलाच जात नाही.

- १२ व्होल्ट : बल्ब ६०/५५ वॅट, दोन्ही अप्परचा करंट १० अँपिअर, डिपरचा ९.२ अँपिअर. प्रत्येक रिलेला १५ अँपिअरचा फ्यूज.
- २४ व्होल्ट : बल्ब ७५/७० वॅट, दोन्ही अप्परचा करंट ६.२५ अँपिअर, डिपरचा सुमारे ५.८ अँपिअर. प्रत्येक रिलेला १० अँपिअरचा फ्यूज.

२४ व्होल्टच्या ट्रकमध्ये दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढण्याची सवय अनेकांना असते. हेडलाइटसाठी तसे करू नये. एकाच बॅटरीवर भार पडून दोन्ही असमान चार्ज होतात आणि त्यांचे आयुष्य घटते.

याशिवाय लागतात ते दोन रिले (एक अप्परसाठी, एक डिपरसाठी), त्यांचे सॉकेट, दोन झाकणवाले फ्यूज होल्डर, बल्बचे दोन नवे कपलर, थिंबल, स्लीव्ह आणि वायर. रिलेपर्यंत चार एमएम आणि तिथून बल्बपर्यंत अडीच एमएमची वायर पुरते. वायर वाहनासाठीचीच, बारीक तारांची घ्यावी. घराच्या फिटिंगची वायर इंजिनजवळची उष्णता, तेल आणि सततचा कंप यात टिकत नाही. तयार किट काही शेकडा रुपयांपासून मिळते, पण त्यातल्या वायरची जाडी तपासूनच ते घ्यावे. वरून जाड दिसणाऱ्या वायरमध्ये आत तांबे कमी आणि प्लॅस्टिकच जास्त असू शकते.

जोडणी कशी केली जाते?

रिलेच्या पिनांवर इंग्रजी आकडे कोरलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीकडून येणारी वीज, ८७ म्हणजे बल्बकडे जाणारी आणि ८५ व ८६ ही कॉइलची दोन टोके. कामाचा क्रम साधारण असा असतो :

१. बॅटरीची मायनसची केबल आधी काढावी. काम संपल्यावर ती सर्वात शेवटी लावावी.

२. रिले पुढच्या बाजूला कोरड्या जागी, रेडिएटर आणि सायलेन्सरच्या पाइपपासून दूर बसवावेत. पिना खाली याव्यात, म्हणजे गाडी धुताना सॉकेटमध्ये पाणी साचत नाही.

३. बॅटरीच्या प्लसवरून दोन वायर निघतात. दोन्हींचे फ्यूज बॅटरीजवळच, वीतभर अंतराच्या आत बसवावेत आणि पुढे एकेक वायर एकेका रिलेच्या ३० क्रमांकाला द्यावी.

४. एका हेडलाइटचा जुना कपलर बल्बवरून काढून रिलेला इशारा देण्यासाठी वापरावा. त्यातली अप्परची वायर अप्पर रिलेच्या ८६ ला आणि डिपरची वायर डिपर रिलेच्या ८६ ला जाते. दोन्ही रिलेंचे ८५ अर्थला. दुसऱ्या बाजूचा जुना कपलर नीट टेप करून बांधून ठेवावा.

५. अप्पर रिलेच्या ८७ वरून दोन्ही बल्बच्या अप्परला आणि डिपर रिलेच्या ८७ वरून दोन्ही डिपरला नवी वायर द्यावी.

६. बल्बच्या अर्थसाठीही तेवढीच जाड वायर घ्यावी. चॅसिसचा रंग खरवडून स्वच्छ लोखंडावर थिंबल घट्ट करावे किंवा वायर थेट बॅटरीच्या मायनसला न्यावी.

७. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवेच. कॅबिन पुढे उचलली जाणारी असेल, तर चॅसिस आणि कॅबिन यांच्यामध्ये वायरला ढील ठेवावी. नाहीतर पहिल्यांदा कॅबिन उचलताच जोड निघतो.

काही जपानी धाटणीच्या गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस नव्हे, तर अर्थ जोडतो. अशा गाडीत वरची ४ क्रमांकाची जोडणी चालत नाही. कॉइलचे एक टोक फ्यूजमधून आलेल्या प्लसला आणि दुसरे स्विचकडून येणाऱ्या वायरला द्यावे लागते. त्यामुळे टेस्ट लॅम्प लावून खात्री केल्याशिवाय एकही वायर कापू नये.

सर्वाधिक चुका कुठे होतात?

पहिली चूक फ्यूजची. बॅटरीकडून आलेली जाड वायर फ्यूजशिवाय थेट रिलेला दिली आणि ती कुठे चॅसिसला घासून उघडी पडली, तर वायर लालबुंद होऊन आग लागू शकते. फ्यूज बल्बपेक्षाही वायरचे रक्षण करतो, म्हणून त्याची जागा बॅटरीजवळ. रिलेजवळ बसवलेला फ्यूज मधल्या चार मीटर वायरला वाचवत नाही.

दुसरी चूक पाच पिनांच्या रिलेची. त्यात ८७ च्या शेजारी ८७-ए ही पिन असते. रिले बंद असताना ती चालू असते. बल्ब तिच्यावर जोडला, तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते.

तिसरी चूक जोडांची. वायर सोलून, पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो आणि गळती पुन्हा सुरू होते. थिंबल नीट दाबून त्यावर स्लीव्ह चढवलेला जोडच टिकतो.

चौथी चूक हौसेची. अप्पर लावल्यावर डिपरही चालू राहील अशी जोडणी काही जण मागतात. एच-४ बल्ब दोन्ही फिलामेंट सतत एकत्र पेटवण्यासाठी बनवलेला नसतो. तो तापून लवकर जातो.

प्रकाश वाढला, पण समोरच्याचे काय?

जुन्या ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर अॅट नाइट’ असे रंगवलेले असते. रिले बसवल्यावर त्या ओळीचे महत्त्व अधिकच वाढते. झोत उजळतो, तेव्हा त्याचा चुकलेला कोनही जास्त त्रास देतो. त्यामुळे फोकस लावल्याशिवाय हे काम पूर्ण झाले असे मानू नये. सपाट जागेवर भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून डिपर लावला, तर झोताची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा साधारण १० ते १५ सेंटीमीटर खाली यायला हवी. आपल्याकडे वाहने डावीकडून चालत असल्याने झोत डाव्या बाजूला थोडा वर चढतो. तो उजवीकडे चढत असेल, तर ती काच उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांसाठीची आहे, असे समजावे.

समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा झोत ठेवणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार बंधनकारक आहे. फिटनेस तपासणीतही हेडलाइट पाहिले जातात. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनांना ही तपासणी दरवर्षी करावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अधिक स्पष्ट केले आहे. रिलेमुळे दिव्याचे वॅट, रंग किंवा घडण बदलत नाही, त्यामुळे बल्ब मूळ क्षमतेचाच ठेवणे हिताचे. काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे आणि बिल जपून ठेवावे. अलीकडच्या ट्रकमध्ये रिले कंपनीकडूनच येतात आणि दिव्यांवर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असते. अशा गाडीत वायरिंगला हात लावू नये.

रस्त्यात रिलेच बंद पडला तर?

रिले हाही शेवटी एक सुटा भागच. म्हणून कॅबिनमध्ये त्याच व्होल्टचा एक रिले आणि दोन फ्यूज कायम ठेवावेत. तेही नसतील आणि डिपर गेला असेल, तर अप्परचा रिले काढून डिपरच्या सॉकेटमध्ये बसवावा. दोन्ही सारखेच असतात. मात्र फ्यूज पुन्हा उडाला, तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार घालू नये. कुठेतरी वायर घासली आहे, हेच तो सांगत असतो.

रिलेमुळे ट्रक लवकर थांबत नाही, घाटातले धुकेही विरळ होत नाही. बल्बला जो प्रकाश मुळातच द्यायचा होता, तेवढाच तो परत मिळवून देतो. रात्रीच्या रस्त्यावर पुढचे बंद पडलेले वाहन काही मीटर आधी दिसायला तेवढाही पुरतो, आणि वेग त्या झोताच्या आत ठेवणे चालकाच्याच हाती राहते.